मेंदूच्या आडवाटा

एकशे एक वर्षं जगून गेलेल्या एका बाईंचा मेंदू अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. जे दिसलं त्यावरून कुणाही जाणकाराने छातीठोकपणे सांगितलं असतं की, या बाईंना शेवटची काही वर्षं समोरचं माणूसही ओळखता येत नसणार. अल्झायमरच्या आजाराच्या दोन ठळक खुणा आहेत. पेशींच्या बाहेर साचलेले प्रथिनांचे ठिपके, आणि पेशींच्या आत पडलेले धाग्यांचे गुंते. या मेंदूत दोन्ही भरपूर होते. पण याच बाईंनी मरणाआधी स्मरणशक्तीच्या आणि विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या होत्या, आणि त्यांत उत्तम गुण मिळवले होते. संशोधनाच्या निबंधांत त्यांना 'सिस्टर मेरी' म्हटलं आहे. रोग होता, पण रोगी सापडत नव्हता.

सिस्टर मेरी 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्रदाम' या संघातल्या नन. या संघातल्या बहुतेक जणी शिक्षिका. १९८६ साली डेव्हिड स्नोडन नावाचे तरुण साथरोगतज्ज्ञ मिनेसोटा राज्यातल्या मॅनकाटो गावी या ननांच्या मठात गेले आणि त्यातून पुढे 'नन स्टडी' या नावाने गाजलेला अभ्यास उभा राहिला. ७५ ते १०२ वर्षं वयाच्या ६७८ जणी त्यात सामील झाल्या. दरवर्षी चाचण्या द्यायच्या, आपली जुनी कागदपत्रं संशोधकांना उघडी करायची आणि मेल्यावर मेंदू दान करायचा. या तिन्ही गोष्टींना त्यांनी होकार दिला.

ननाच का, असं कुणी विचारेल. म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्याची मोठी पंचाईत असते ती माणसांच्या आयुष्यातल्या फरकांची. एकजण तंबाखू खातो, दुसरा खात नाही. एकीची पाच बाळंतपणं झालेली, दुसरी बिनलग्नाची. एकाला चांगला डॉक्टर परवडतो, दुसऱ्याला नाही. मग म्हातारपणी जो फरक दिसतो तो नेमका कशामुळे, हे कसं ठरवायचं? मठात ही भानगड बरीच कमी. एकच छप्पर, एकच स्वयंपाकघर, तेच डॉक्टर, धूम्रपान नाही, बाळंतपण नाही, जवळपास सारखीच नोकरी. इतकं सगळं सारखं असूनही एकीचा मेंदू पंच्याहत्तरीत थकावा आणि दुसरीचा शंभरीतही तल्लख राहावा, तर उरलेल्या थोड्या फरकांतच उत्तर शोधायला हवं.

फ्रँकफर्टची फाइल

ते ठिपके आणि गुंते एकत्र पहिल्यांदा नोंदले गेले ते एका रेल्वे कारकुनाच्या बायकोच्या मेंदूत. १९०१ च्या नोव्हेंबरमध्ये ऑगुस्टे डेटर या ५१ वर्षांच्या बाईंना फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल केलं होतं. डॉ. आलोइस अल्झायमर त्यांच्याजवळ बसून प्रश्न विचारत आणि उत्तरं लिहून घेत. नाव लिहायला सांगितलं तर पहिला शब्द लिहून होईपर्यंत पुढे काय लिहायचं ते त्या विसरून जात. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, असं त्या म्हणत. १९०६ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते, तिथे त्यांनी मेंदू मागवून घेतला. त्याचे पातळ काप करून चांदीच्या क्षारांनी रंगवले, तेव्हा ठिपके आणि गुंते डोळ्यांना दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे सांगितलं. श्रोत्यांपैकी एकानेही प्रश्न विचारला नाही. पुढे १९१० मध्ये एमिल क्रेपलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. ऑगुस्टे यांची मूळ फाइल मधल्या काळात गहाळ झाली आणि १९९५ साली फ्रँकफर्टमध्येच पुन्हा सापडली.

ते ठिपके अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे, गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे, हे आता पक्कं ठाऊक आहे. ही घाण लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचायला लागते, हेही कळलं आहे. त्यामुळे सरळ हिशेब असा वाटायचा की, जितके ठिपके आणि गुंते जास्त, तितकी बुद्धी कमी. सिस्टर मेरींच्या मेंदूने तो हिशेब चुकवला. त्या एकट्याच तशा नव्हत्या, हे पुढे येईलच.

वय झालं म्हणजे काय झालं?

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण जरा जास्तच मनावर घेतली आहे. माणसाचा मेंदू जेमतेम सव्वा ते दीड किलोचा, शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण आपण विश्रांती घेत असतानाही शरीराची वीस टक्के ऊर्जा एकटा खाणारा. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. वय वाढलं की त्या रोज लाखांनी मरतात, असं एकेकाळी सर्रास सांगितलं जाई. १९९७ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी २० ते ९० वर्षं वयाच्या ९४ निरोगी माणसांच्या मेंदूंच्या बाह्यकातील पेशी मोजण्याचं चिकाटीचं काम पूर्ण केलं. विशीपासून नव्वदीपर्यंत पेशी कमी होतात त्या सुमारे दहा टक्के. सत्तर वर्षांत दहा टक्के!

मेंदू आक्रसतो हे खरं. पण त्यात पेशी मरण्यापेक्षा पेशींच्या फांद्या विरळ होण्याचा वाटा मोठा असतो. विचारांचा वेग तर तिशीपासूनच मंदावायला लागतो. मात्र शब्दसंग्रह साठी-सत्तरीपर्यंत वाढत राहू शकतो. नातवाला मोबाइलवरची खटपट पटकन जमते आणि आजोबांना नेमका शब्द पटकन सुचतो, यात दोघांचेही मेंदू आपापल्या वयाला साजेसंच वागत असतात.

शेजारणीच्या सुनेचं नाव जिभेवर येऊन अडलं आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, तर ते वयाचं काम. पण चाळीस वर्षं पुरणपोळी करणाऱ्या बाईला डाळ शिजल्यावर पुढे काय करायचं ते उमगेनासं झालं, किंवा रोज पेपर आणायला जाणाऱ्या माणसाला ओळखीच्या चौकातून घराकडे कुठे वळायचं ते कळेना, किंवा एकच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा आला आणि आधी विचारल्याची आठवणच नसली, तर त्याला 'वय झालं' म्हणून सोडून देता येत नाही. तो आजार असतो. डिमेन्शिया हे अशा आजारांचं सामायिक नाव, आणि अल्झायमर हा त्यातला सर्वांत जास्त आढळणारा.

भारतभरच्या ज्येष्ठांच्या एका मोठ्या पाहणीवरून २०२३ मध्ये अंदाज आला की, आपल्याकडे साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्क्यांना डिमेन्शिया आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आकडा धडकी भरवणारा आहे. पण साठीपुढच्या शंभरांतल्या ब्याण्णव जणांना डिमेन्शिया नाही, हेही तोच आकडा सांगतो. म्हातारपणाबरोबर बुद्धी जायचीच, असा काही नियम नाही.

घाट बंद पडला तर

सिस्टर मेरींच्या आधीच एक चकवा संशोधकांसमोर आला होता. १९८८ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन आणि सहकाऱ्यांनी एका वृद्धाश्रमातल्या १३७ रहिवाशांच्या मेंदूंची मरणोत्तर तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या दहा जणांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा होत्या, पण हयातीत त्यांची बुद्धी शाबूत होती. नुसती शाबूत नव्हे, आश्रमातल्या ज्यांच्या मेंदूत काहीच बिघाड नव्हता अशांच्या तोडीची. या दहांचे मेंदू वजनाला जास्त भरले आणि त्यांत मोठ्या चेतापेशीही जास्त होत्या. कोलंबिया विद्यापीठाच्या याकोव्ह स्टर्न यांनी पुढे या विचाराला आकार दिला आणि 'कॉग्निटिव्ह रिझर्व्ह' ही संज्ञा रूढ झाली. आपण तिला मेंदूची राखीव ताकद म्हणू.

ती काय असते हे सह्याद्री ओलांडणाऱ्याला चटकन कळेल. पावसाळ्यात पुण्याहून कोकणात उतरायचं आहे आणि ताम्हिणीत दरड कोसळली. ज्याला तेवढी एकच वाट ठाऊक, तो मुळशीहून गाडी वळवून घरी परततो. ज्याने वरंधा, कुंभार्ली, आंबा असे सगळे घाट पालथे घातले आहेत, तो उशिरा का होईना, मुक्कामाला पोचतो. दरड दोघांपुढेही तेवढीच कोसळलेली असते.

मेंदूचंही असंच आहे. एखादी आठवण शोधायची, वाक्य जुळवायचं, हिशेब करायचा, तर त्यासाठी पेशींच्या काही जोडण्या रुळलेल्या असतात. रोगाने त्यांतल्या काही निकामी केल्या, तर ज्या मेंदूत दुसऱ्या जोडण्या तयार आहेत तो त्यांवरून काम भागवतो. रोग थांबलेला नसतो, फक्त तो दिसत नाही. या विचाराचा एक विलक्षण पडताळा स्टर्न यांच्या अभ्यासांतून मिळाला. जास्त शिकलेल्या लोकांत अल्झायमरची लक्षणं उशिरा दिसतात, पण एकदा दिसू लागली की त्यांची घसरण जास्त वेगाने होते. ऐकायला उफराटं वाटतं, पण विचार केला तर पटतं. लक्षणं दिसेपर्यंत आत बहुतेक घाट बंद झालेले असतात, तेव्हा शेवटचा बंद पडला की माणूस एकदम अडतो.

बाविसाव्या वर्षीचं आत्मवृत्त

आडवाटा कधी तयार होतात? नन स्टडीला मठांच्या दप्तरात एक खजिना मिळाला. दीक्षेच्या सुमारास, साधारण बाविशीत, प्रत्येक मुलीने स्वतःबद्दल पानभर आत्मवृत्त लिहून द्यायचं, असा रिवाज होता. ते कागद जपून ठेवलेले होते. स्नोडन आणि कॅन्सस विद्यापीठातल्या भाषातज्ज्ञ सुसान केम्पर यांनी ९३ जणींची आत्मवृत्तं काढली आणि एक गोष्ट मोजली. दर दहा शब्दांत किती वेगवेगळे विचार मावले आहेत.

हे कसं असतं ते दाखवायला मी दोन नमुने रचतो. एक मुलगी लिहिते, "माझा जन्म साताऱ्यात झाला. आम्ही चार भावंडं. माझे वडील शेती करतात." दुसरी लिहिते, "साताऱ्यातल्या चार भावंडांत धाकटी म्हणून शेतावर निघालेल्या वडिलांच्या खांद्यावर बसायचा मान नेहमी माझाच, आणि थोरल्याच्या रुसव्याचं कारणही तेच." माहिती दोघींची जवळपास तीच. पण दुसरीने जन्मगाव, क्रम, कारण, सवय, लाड आणि भावाचा राग असं सगळं एकात एक गुंफून टाकलं. दुसरीच्या लिखाणाची विचारघनता जास्त.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वाचून अंगावर काटा येतो. बाविशीत ज्यांची विचारघनता कमी होती, त्यांनी साठेक वर्षांनी स्मरणाच्या चाचण्यांत कमी गुण मिळवले. या अभ्यासातल्या तोवर निवर्तलेल्या १४ जणींचे मेंदू तपासले गेले. तरुणपणी कमी विचारघनतेने लिहिणाऱ्या सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमर सापडला, आणि जास्त विचारघनतेने लिहिणाऱ्या एकीच्याही मेंदूत सापडला नाही. चौदा ही संख्या लहान आहे आणि या निकालाचा अर्थ दोन तऱ्हांनी लागतो. एक, समृद्ध भाषेच्या सरावाने मेंदूत राखीव ताकद साठते. दोन, रोगाचा कुठलासा अंश तरुणपणीच भाषेवर सावट धरून असतो. शास्त्रज्ञांत यावर अजून वाद आहे. मात्र म्हातारपणाच्या मेंदूची गोष्ट म्हातारपणात सुरू होत नाही, याबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

हैदराबादची दुसरी भाषा

ज्यांची शाळाच सुटली त्यांनी काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे यायलाच हवा. त्याचं एक आश्चर्यकारक उत्तर हैदराबादहून आलं. तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधल्या डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांतले ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. तेलुगू, दख्खनी उर्दू, हिंदी, इंग्रजी यांतल्या कुठल्याही. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दुभाषी लोकांत डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता.

हा शिक्षणाचाच परिणाम नसेल कशावरून? हैदराबादची मातब्बरी इथेच आहे. युरोप-अमेरिकेत दुभाषी माणूस बहुधा शिकलेला किंवा परदेशातून आलेला असतो, त्यामुळे भाषेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. हैदराबादेत अक्षरओळख नसलेला माणूसही बाजारात एक भाषा आणि घरात दुसरी भाषा बोलतो. अशा निरक्षर रुग्णांतही दुभाषी लोकांना लक्षणं उशिरा दिसली, आणि तीही सुमारे सहा वर्षं उशिरा. याच गटाने पुढे पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास केला. त्यात झटक्यानंतर बुद्धी शाबूत राहण्याचं प्रमाण दुभाषी लोकांत ४० टक्क्यांच्या आसपास, तर एकभाषी लोकांत जेमतेम २० टक्के होतं.

दोन भाषा जाणणारा बोलताना एक भाषा सतत मागे दाबून ठेवतो आणि गरज पडताच बदलतो. दिवसभर चालणारी ही कसरत मेंदूला आडवाटा पाडून देत असावी, असं संशोधकांचं म्हणणं. दुसऱ्या काही देशांतल्या अभ्यासांत हा फायदा इतका ठळक दिसलेला नाही, हेही सांगायला हवं. आणि दोनऐवजी चार भाषा आल्या म्हणून हैदराबादेत जादा फायदा आढळला नव्हता. तरी सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदीत गिऱ्हाइकाशी घासाघीस करणारी भाजीवाली, बेळगावचे मराठी-कन्नड दोन्ही बोलणारे दुकानदार, घरात कोकणी आणि देवळात मराठी ऐकत वाढलेला गोव्याचा म्हातारा, या सगळ्यांकडे आता वेगळ्या नजरेने पाहावंसं वाटतं. नातवाशी मराठी सोडून फक्त इंग्रजी बोलायचा हट्ट धरणाऱ्या घरांनी याचा विचार करायला हरकत नाही.

रक्तवाहिन्या आणि कान

राखीव ताकद कितीही असली तरी ती खर्च करून टाकायचे मार्ग आपण जपून ठेवले आहेत. नन स्टडीतलाच आणखी एक निष्कर्ष १९९७ चा. मेंदूत अल्झायमरच्या खुणा असलेल्या ननांपैकी ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात बारीक रक्तवाहिन्या बंद पडून छोटी इजा झाली होती, त्यांना हयातीत डिमेन्शिया असण्याची शक्यता वीसपट होती. मोठा झटका आलेला नसतो, तोंड वाकडं झालेलं नसतं. एक-दोन सूक्ष्म रक्तवाहिन्या बुजल्या तरी दबा धरून बसलेला रोग उघडा पडतो.

अशा बारीक रक्तवाहिन्या बिघडवण्यात वाढलेल्या रक्तदाबाचा मोठा हात. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या नऊ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या 'स्प्रिंट माइंड' चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला, तेव्हा स्मरणशक्तीची सौम्य घट होण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी झालं. कुणाचा दाब किती ठेवायचा ते डॉक्टरच ठरवणार. पण रक्तदाबाला दुखणं नसतं, म्हणून 'मला काही होत नाही' म्हणत चाळीशी-पन्नाशीत गोळी बंद करणारे आपल्या ओळखीत किती आहेत, ते आठवून पाहा.

दुसरी गोष्ट कानाची. म्हाताऱ्यांना ऐकू येईनासं होतं तेव्हा टीव्हीचा आवाज वाढतो, घरात थोडी थट्टा होते, आणि हळूहळू सगळे त्यांच्याशी बोलायचं टाळू लागतात. एक वाक्य तीनदा सांगायचा कंटाळा येतो. मग आजोबा 'हो, हो' म्हणून मान हलवायला शिकतात. कान गेला की मेंदूला आवाजाचा अर्थ लावण्यातच ताकद घालवावी लागते, गप्पा तुटतात, आणि भाषेचा रोजचा सराव थांबतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्रं दिली. सगळ्यांच्या एकत्रित निकालात फरक पडला नाही. मात्र ज्यांना डिमेन्शियाचा धोका मुळातच जास्त होता, त्या गटात तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. तरी चष्मा मिरवणारी माणसं श्रवणयंत्र मात्र टेबलाच्या खणात ठेवतात!

झोपेबद्दल थोडंच. गाढ झोपेत मेंदूतल्या पेशींमधली जागा वाढते आणि तिच्यातून वाहणारा द्रव साचलेली घाण, त्यात अमायलॉइडही, धुऊन नेतो, असं माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदरांत दाखवलं. हे नेमकं कसं घडतं यावर अजून जोरात चर्चा चालू आहे, पण झोपेला वेळ वाया जाणं समजायची सवय सोडायला तेवढं पुरे.

चौदा गोष्टी

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये हिशेब मांडला की, १४ गोष्टी सुधारल्या तर जगातल्या डिमेन्शियाच्या ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकतो किंवा लांबू शकतो. कमी शिक्षण, ऐकू न येणं, वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, बैठं आयुष्य, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अति मद्यपान, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आणि नजर अधू होणं. हा हिशेब समाजाचा आहे, एकेका माणसाचा नाही. सगळं पाळूनही आजार होऊ शकतो, कारण वय आणि जनुकं आपल्या हातात नसतात. म्हणून ज्याला आजार झाला त्याला 'तू चालला नाहीस, म्हणून' असं सुनावणं क्रूरपणाचं ठरेल.

पण यादी नीट वाचली की नवल वाटतं. हेल्मेट न घालता गल्लीच्या टोकापर्यंत स्कूटर काढणं हा मेंदूच्या म्हातारपणाचा प्रश्न आहे. 'पिकू दे अजून' म्हणून रखडलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशनही. चुलीच्या धुरात गेलेली वीस वर्षंसुद्धा. यांपैकी कशासाठीही महागडं यंत्र किंवा परदेशी गोळी लागत नाही. अल्झायमरवर अमायलॉइड हटवणारी नवी औषधं आली आहेत. त्यांतल्या लेकेनेमॅबने सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची घसरण दीड वर्षात सुमारे २७ टक्क्यांनी मंद केली. हे औषध घसरण थांबवत नाही, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका त्याच्यासोबत येतो. अशा औषधांची किंमत पाहिल्यावर त्या चौदांचं मोल आणखी वाढतं.

उशीर झाला का? फिनलंडमध्ये मिया किविपेल्टो यांनी ६० ते ७७ वर्षं वयाच्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असा एकत्र कार्यक्रम दिला. २०१५ मध्ये निकाल आला. नुसता सल्ला मिळालेल्या गटापेक्षा या गटाची बुद्धी जास्त सुधारली. सत्तरीतही काही आडवाटा पडतात.

घरातली दिरंगाई

आपल्याकडे मात्र जाणिवेचा पहिलाच अडथळा घरात असतो. आईने भाजीत दोनदा मीठ टाकलं, वडिलांनी पेन्शनचा हिशेब चुकवला, की घरचे 'म्हातारचळ' म्हणून हसतात किंवा चिडतात. डॉक्टरांकडे जातात ते रात्री बाहेर पडून हरवल्यावर. मधली दोन-तीन वर्षं वाया जातात, आणि त्यांत बरा होऊ शकणारा आजारही हातचा जातो.

विसरभोळेपणामागे अल्झायमरच असेल असं नाही. थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या यांमुळेही डोकं धुकट होतं. न्हाणीघरात घसरून डोकं आपटल्यावर काही आठवड्यांनी मेंदूवर साचलेलं रक्तही असंच रूप घेतं, आणि ते शस्त्रक्रियेने काढता येतं. ब-१२ जीवनसत्त्वाचं तर पुण्याशी जुनं नातं आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा तिघांपैकी दोघांत ब-१२ कमी निघालं. ते फार काळ फार कमी राहिलं तर हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, आठवण डळमळते. हे कळायला एक रक्ताची तपासणी पुरते आणि बरं करायला स्वस्त औषध.

मग आईच्या पिढीचा प्रश्न येतो. भारतात डिमेन्शियाचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. बायका जास्त जगतात हे एक कारण. पण आज पंच्याहत्तरीत असलेल्या कितीतरी बायकांची शाळा चौथीत सुटली, कारण धाकट्या भावंडाला कुणीतरी सांभाळायचं होतं. लॅन्सेटच्या यादीत आयुष्याच्या सुरुवातीशी जोडलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे शिक्षण. त्या हिशेबाने सात वर्षांच्या मुलीला दहावीपर्यंत शाळेत टिकवणं ही २०९० सालातल्या मेंदूच्या आरोग्याची योजना आहे. शिक्षण खात्यात तिच्याकडे त्या नजरेने कुणी पाहत असेल की नाही, कोण जाणे.

राखीव ताकद कुणी एकट्याने कमावत नाही. कुणीतरी शाळेत घातलं, कुणीतरी दुसऱ्या भाषेत हाक मारली, कुणीतरी रोज संध्याकाळी गप्पांना आलं, तेव्हा ती साठली. तेव्हा तुम्ही चाळिशीत असाल तर या आठवड्यात स्वतःचा रक्तदाब मोजून घ्या, आणि घरात सत्तरीतलं कुणी असेल तर त्यांचे कान तपासून आणा. मोबाइलवर शब्दकोडी सोडवून बुद्धी तल्लख ठेवायचे सल्ले देणारे पुष्कळ आहेत. पण आई-वडिलांसमोर बसून, आवाज न चढवता, त्यांच्याशी अर्धा तास बोलायला वेळ काढणारे कमी आहेत. त्याचा फायदा दोघांच्याही मेंदूला होतो.